आपांची सही

आमच्या ऑफिसात कुणी धोक्याच्या मालाचा फॉर्म घेऊन आलं, तर आपा तो हातात घेत नसत. समोरची खुर्ची दाखवत आणि म्हणत, "बसा. मोठ्यानं वाचा." आलेला माणूस कारखान्याचा मालक असो की मॅनेजर, त्याला ओळीवर बोट ठेवून वाचावं लागे: मालाचं नाव काय, पेटतो का, विषारी आहे का, पाणी लागलं तर काय होतं, आणि शेवटी ‘वरील माहिती खरी व पूर्ण आहे’. आपा डोळे मिटून ऐकत. "कागदावर माणूस खोटं बिनदिक्कत लिहितो," असं त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. "पण तेच त्याच्या तोंडून म्हणवून घे. जीभ कुठं तरी अडतेच." जिथं जीभ अडे, तिथं आपा डोळे उघडत.

ऑफिस आबिड्सला, चष्म्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. हैदराबादला समुद्र नाही, पण शहराभोवतीच्या कारखान्यांतून औषधांची रसायनं, रंग, पावडरी असं काय काय कंटेनरात भरून बंदराला जातं आणि तिथून जहाजानं परदेशी. त्याची कागदपत्रं आम्ही करतो. यातला जो माल पेटू शकतो, फुटू शकतो, माणसाला भाजू शकतो, त्याला आमच्या धंद्यात ‘डीजी’, म्हणजे डेंजरस गुड्स, म्हणतात. तो सगळा आपांच्या टेबलावर यायचा, म्हणून त्या डीजी आपा. खरं नाव सुमन बिराजदार. आजोबा बीदरकडून येऊन गौलीगुड्यात स्थायिक झालेले, सासर बरकतपुऱ्यात. माल भरणारे आणि ट्रकवाले त्यांना ‘आपा’, म्हणजे थोरली बहीण, म्हणू लागले, मग ऑफिसचे मालक राव गारूही आपाच म्हणू लागले. इथं ‘गारू’ म्हणजे आपल्याकडचं ‘साहेब’. मी पुण्याहून लग्न करून इथं आलेली, रसायनशास्त्र शिकलेली. कारखान्यांचे कागद वाचायला त्यांना कुणीतरी हवं होतं. पहिल्या दिवशी मी "बिराजदार मॅडम" म्हटलं, तर त्यांनी मागं वळून पाहिलं, की कुणाला बोलवते आहे.

जेवणाच्या सुट्टीत आपांचा डबा म्हणजे ज्वारीची भाकरी आणि गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, पचडी. शिवाय टेबलाच्या खणात ठेच्याची बरणी असे. ती बरणी ऑफिसातले सगळेच लांबवायचे. शेवटी आपांनी ज्वालाग्राही ड्रमवर चिकटवायचं ते लाल ज्वाळेचं लेबल तिच्यावर चिकटवलं. राव गारूंनी तरीही बरणी उघडली, एक घास खाल्ला आणि पाण्याला धावले. आपा म्हणाल्या, "लेबल वाचून खाल्लंत ना? मग जबाबदारी तुमची." त्या हसल्या नाहीत. आम्हीच हसलो.

नव्या माणसाला त्या समुद्र समजावून सांगत तो असा: "आबिड्सला आग लागली तर बंब येतो. गल्ली अरुंद असली तर लोक बादल्या घेऊन धावतात. जहाजावर कोण धावणार? तिथं वीस-बावीस माणसं, खाली पाणी, वर आभाळ. आणि कंटेनरात काय आहे, हे त्यांना कशावरून कळतं? तू इथं बसून जे लिहिलंस त्यावरून." कायदा त्यांना जवळपास पाठ होता, पण कलमाचा आकडा त्या कधी सांगत नसत. गोष्ट सांगावी तसं सांगत. धोकादायक माल न सांगता चढवला, तर त्यातून जे जे नुकसान होईल ते माल पाठवणाऱ्याचं. कप्तानाला वाटलं तर तो माल सरळ समुद्रात फेकू शकतो, भरपाई मिळत नाही. आणि मालात धोका आहे हे मला ठाऊकच नव्हतं, अशी सबब चालत नाही. या शेवटच्या मुद्द्यावर लोक नेहमी वाद घालायचे. आपा शांतपणे म्हणायच्या, "अहो, माल तुमचा. तुम्हाला माहीत नाही, तर मग खलाशाला कुठून माहीत असणार?"

एकदा एक मूर्ती गारू म्हणून मॅनेजर आले होते. पोहण्याच्या तलावात टाकायची पावडर त्यांना पाठवायची होती. ती पावडर गरम जागी राहिली तर आपोआप पेट घेते. त्यामुळे तिला प्रत्येक जहाज घेत नाही, थांबावं लागतं. मूर्ती गारूंनी फॉर्मवर नुसतं ‘सफाईची पावडर’ लिहून आणलं होतं. वाचताना ‘धोकादायक नाही’ या शब्दांवर त्यांना खोकला आला. आपांनी डोळे उघडले. मूर्ती गारू म्हणाले, "आपा, सब ऐसाच लिखते. बाजारात विचारा." आपा म्हणाल्या, "हौ, ठाऊक आहे. ज्यांना तसं लिहायचं, त्यांची ऑफिसं खालच्या गल्लीत आहेत, पत्ता देते." आणि खरंच एका कागदावर पत्ता लिहून दिला. मूर्ती गारू तो घेऊन जिन्यापर्यंत गेले, थोडा वेळ तिथं उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "पंद्रा दिन रुकते." आपांच्या अशा हिशेबानं बरीच गिऱ्हाइकं गेलीही. पण जी राहिली, ती पक्की राहिली.

आता कोळशाची गोष्ट सांगते.

नरसिंहुलू नावाचा एक माणूस शहराबाहेर लाकडी कोळशाच्या तीन भट्ट्या चालवायचा. शेगडीवर मांस भाजायला आखातात या कोळशाला मागणी असते. कोळसा म्हटल्यावर कुणाला धोका वाटत नाही. मलाही वाटला नव्हता. पण आपांनी मला शिकवलं होतं, "ताजा कोळसा श्वास घेतो. भट्टीतून काढून लगेच पोत्यात कोंबलास, तर आतल्या आत तापत जातो, आणि एक दिवस स्वतःच पेटतो. त्याला दोन आठवडे उघड्यावर ठेवायचा. निवू द्यायचा. मग भरायचा." तसा निववलेला आणि तपासलेला कोळसा असेल, तर धोका कमी धरला जाई. म्हणून ‘दोन आठवडे उघड्यावर ठेवला’ हे वाक्य फॉर्मवर लागे, आणि त्याखाली नरसिंहुलूच्या वतीनं आपांची सही.

एका खेपेच्या वेळी नरसिंहुलू स्वतः येऊ शकला नाही. ऑर्डर घाईची होती, भट्टीवरच अडकला होता. मी त्याला फोन केला. "कोळसा उघड्यावर ठेवला होता ना?" तो म्हणाला, "रखा था, मॅडम." मी विचारलं नाही, किती दिवस. फॉर्मवर त्या वाक्यापुढं खूण केली. त्याच्या माणसानं आणून दिलेल्या कागदांत शेवटी एक चिठ्ठी टाचलेली होती, तेलुगूत. मला तेलुगू वाचता येत नाही. ती मी तशीच मागं राहू दिली. मग फॉर्म मीच आपांना मोठ्यानं वाचून दाखवला. माझी जीभ कुठंच अडली नाही, कारण माझ्या मते सगळं खरं होतं. आपांनी विचारलं, "सगळं पाहिलंस?" मी म्हटलं, "पाहिलं." एरवी त्या फाईल शेवटच्या पानापर्यंत उलटत. त्या दिवशी उलटली नाही. सही केली.

त्याच मालाचे तीन कंटेनर होते. पहिला जहाजावर चढला, दुसरे दोन पुढच्या जहाजासाठी बंदरात थांबले. आठवड्याभरानं जहाज कंपनीचं पत्र आलं. भर समुद्रात पहिल्या कंटेनरमधून धूर निघाला होता. खलाशांनी तासन्‌तास पाणी मारून तो विझवला. शेजारच्या कंटेनरांतला दुसऱ्यांचा माल भिजून वाया गेला. नुकसानीला जबाबदार कोण, याचा खुलासा मागितला होता. मी पत्र वाचून दाखवत होते. आपांनी मध्येच थांबवलं. "माणसं?"

एक खलाशी धुरानं बेशुद्ध पडला होता. पुढच्या बंदरात दवाखान्यात ठेवला होता, आता बरा आहे, असं शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं. आपा म्हणाल्या, "हे वर लिहायला पाहिजे होतं." मग म्हणाल्या, "फाईल आण."

त्यांनी फाईल शेवटाकडून उघडली. चिठ्ठी पाहिली, वाचली, आणि मला मराठीत सांगितली. ‘बोनालुच्या दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली.’ नरसिंहुलूचा मुकादम तारखा लिहीत नसे, सणावर दिवस मोजत असे. माल कंटेनरात भरल्याची तारीख माझ्याच अक्षरात पहिल्या पानावर होती. बोनालुनंतरचा पाचवा दिवस. म्हणजे कोळसा निवायला दोन आठवडे नाही, चार दिवस मिळाले होते.

"तू ही चिठ्ठी पाहिली होतीस?"

"पाहिली होती. वाचली नव्हती."

"वाचून का नाही घेतलीस?"

 तेलुगू होतं म्हणून, हे उत्तर हैदराबादमध्ये देण्यासारखं नव्हतं. आपांनी चिठ्ठी परत फाईलला टाचली. म्हणाल्या, "आणि मी पानं उलटली नाहीत. तू आहेस म्हणून." त्यांनी आवाज चढवला असता, तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राव गारूंच्या केबिनमध्ये सगळे बसलो. राव गारू, त्यांचे वकील, नरसिंहुलू, आपा आणि मी. वकिलांचं म्हणणं, आपण पोस्टमन. गिऱ्हाइकानं सांगितलं ते आपण लिहिलं. नरसिंहुलूनं खिशातून घडी घातलेलं एक पत्र काढलं. त्यात लिहिलं होतं, की कोळसा दोन आठवडे उघड्यावर ठेवला होता, आणि वर तारीख माल भरण्याच्या आधीची. कागद कोरा करकरीत होता. वकील म्हणाले, "हे पत्र फाईलला लागलं, तर आपली बाजू भक्कम होते. ते कधी लिहिलं, हे मी विचारणार नाही."

आपा नरसिंहुलूला म्हणाल्या, "वाच."

त्यानं राव गारूंकडे पाहिलं. मग वाचू लागला. तारखेपाशी आला आणि थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबला. कागद मांडीवर ठेवला आणि तेलुगूत हळूच काहीतरी बोलला. आपांनी ते मला मराठीत सांगितलं नाही, पण एक शब्द कळला, नालुगु. चार.

"आखातातलं गिऱ्हाईक रोज फोन करत होतं, आपा," तो म्हणाला. "जहाज चुकलं तर पुढची ऑर्डर गेली असती. तीन भट्ट्यांवर वीस माणसं आहेत."

"आहेत," आपा म्हणाल्या. "जहाजावरही तेवढीच असतात." मग राव गारूंकडे वळल्या. "बाकीचे दोन कंटेनर कुठं आहेत?"

तोपर्यंत कुणाच्या डोक्यातच ते आलं नव्हतं. राव गारूंनी फोनमध्ये पाहिलं. बंदरातच होते. परवा चढणार होते.

"आत्ता बंदराला कळवायला पाहिजे," आपा म्हणाल्या. "हा माल चारच दिवस निवलेला आहे, चढवू नका, उघडून बघा, म्हणून."

वकील खुर्चीत सरळ झाले. "मॅडम, एक ओळही लिहू नका. लिहिलं की ती कबुली झाली. उद्या कोर्टात तीच तुमच्यापुढं ठेवतील."

"आणि नाही लिहिलं तर?"

"दोन कंटेनर आहेत. दोन्ही पेटतीलच असं नाही. पाहता येईल."

"साहेब, पाहायला आपण तिथं नसतो," आपा म्हणाल्या. "खलाशी असतो."

 खालून आबिड्सच्या रस्त्यावरच्या हॉर्नांचा आवाज येत होता. आपा पुढे म्हणाल्या, "राव गारू, ऑफिसच्या नावानं नको असेल तर राहू द्या. मी माझ्या नावानं लिहिते. फॉर्मवर सही माझीच आहे." राव गारू चष्मा काढून डोळे चोळत बसले. माणूस भला, पण बावीस वर्षांचं ऑफिस होतं. शेवटी त्यांनी कॉम्प्युटर आपांकडे फिरवला आणि म्हणाले, "ऑफिसच्या नावानं लिहा."

आपा सांगत गेल्या, मी टाईप करत गेले. कोळसा भट्टीतून कधी निघाला, कधी भरला, आम्ही फोनवर काय विचारलं आणि काय विचारलं नाही. मग त्या थांबल्या. "पुढचं वाक्य तुझं आहे, मंजिरी. तू लिही." मी लिहिलं: भट्टी उघडल्याची चिठ्ठी आमच्या फाईलमध्ये होती, ती तेलुगूत होती आणि मी ती कुणाकडून वाचून घेतली नाही. माझं नाव घातलं. त्याखाली आपांनी त्यांचं वाक्य घालायला सांगितलं: फाईल पूर्ण न तपासता मी सही केली. नरसिंहुलू उठून निघून गेला. त्याचं पत्र टेबलावरच राहिलं. आपांनी त्याचे चार तुकडे केले आणि वकिलांना म्हणाल्या, "हे तुम्ही पाहिलंत का, ते मीही विचारणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी बंदरावरून निरोप आला. दोन्ही कंटेनर बाजूला घेऊन उघडले होते. एकातला कोळसा ठीक होता. दुसऱ्यात मधल्या थप्पीची पोती इतकी तापली होती, की त्यांना हात लावता येत नव्हता. ती अंगणात पसरून त्यांच्यावर पाणी मारलं होतं. राव गारूंनी निरोप दोनदा वाचला, आणि आपांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. आपा म्हणाल्या, "बसा ना." ते बसले. एवढंच.

सुटका मात्र कुणाचीच झाली नाही. प्रकरण दोन वर्षं चाललं. माल पाठवणारा नरसिंहुलू, त्यामुळे मुख्य भार कायद्यानं त्याच्यावर आला. त्याच्या दोन भट्ट्या बंद पडल्या. आमच्या ऑफिसलाही आपला वाटा उचलावा लागला. आम्ही स्वतःहून कळवून दोन कंटेनर थांबवले, याची जहाज कंपनीच्या माणसांनी तडजोडीच्या वेळी नोंद घेतली, पण त्यानं झालेलं नुकसान पुसलं गेलं नाही. विमा कंपनीनं अट घातली, की आपांच्या सहीनं यापुढं डीजीचा फॉर्म जाणार नाही. राव गारूंना हे सांगायला आठवडा लागला. आपांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. मीही तेच केलं असतं." नरसिंहुलू वर्षभर आमच्या पायऱ्या चढला नाही. पुढं आला, आजही एका भट्टीचा माल आमच्याकडूनच पाठवतो. पण आपांशी तो त्यानंतर कधी मोकळं बोलला नाही. त्याचं त्यांना वाईट वाटायचं. त्या मात्र आपल्या मतावरून हलल्या नाहीत.

मी एकदा त्यांना विचारलं, "चूक माझी होती. तुम्ही कशाला अंगावर घेतलीत?" त्यांनी माझ्याकडे जरा रागानं पाहिलं. "तुझी चूक मी घेतली नाही. तुझी तू लिहिलीस. माझी मी लिहिली. चूक वेगळी, सही वेगळी. एकीनं दुसरी झाकायची नसते." त्यानंतर मी तेलुगूची शिकवणी लावली. आपाच माझ्याकडून रोज एक ट्रकची पावती वाचून घेत. माझे उच्चार ऐकून ट्रकवाल्यांची करमणूक व्हायची.

विम्याची ती अट आली तेव्हा निवृत्त व्हायला त्यांना वर्ष उरलं होतं. डीजीच्या फॉर्मवर तेवढे दिवस राव गारू सही करत, आणि आपांनी ते वर्ष मला शिकवण्यात घालवलं. शेवटच्या दिवशी ऑफिसनं शाल दिली, बिर्याणी मागवली. राव गारूंना भाषण येईना. आपांनी डीजीच्या फॉर्मवर मारायचा शिक्का माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हल्लूहल्लू काम कर. जहाज थांबतं. न थांबलं तर दुसरं येतं." आणि बरकतपुऱ्याच्या बसला उशीर होतो म्हणून निघाल्या.

माझ्या सहीसाठी पहिला फॉर्म आला, तो एका नव्या कारखान्याचा होता. चाळीस ड्रम, पेटणारं द्रावण. कागद सगळे जिथल्या तिथं. कारखान्याचा माणूस फॉर्म न अडखळता वाचून गेला होता. ट्रक खाली उभा होता. तरी माझा हात काही पुढं होईना. मी आपांना फोन केला, सगळं सांगितलं आणि विचारलं, "करू ना सही?"

पलीकडं कुकरची शिट्टी वाजली. आपांनी गॅस बंद केल्याचा आवाज आला. "मला नको विचारू," त्या म्हणाल्या.

"फक्त हो म्हणा, आपा."

"मी हो म्हटलं, की तू निर्धास्त होशील. निर्धास्त माणसानं सही करू नये. मी एकदा केली." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "मनात शंका कशाची आहे, ते माझ्यापेक्षा तुला जास्त ठाऊक आहे. ठेवते." आणि त्यांनी फोन ठेवला.

शंका झाकणांची होती. कागदावर झाकणांचा प्रकार लिहिला होता, पण मी ती पाहिली नव्हती. मी ट्रक परत पाठवला आणि त्याच्या मागोमाग कारखान्यात गेले. चाळीसही ड्रम एकेक करून आडवे करायला लावले, प्रत्येक झाकणाखाली हात फिरवला. कारखान्याचा मॅनेजर घड्याळ बघत उभा होता. संध्याकाळ झाली. एकही ड्रम गळत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सही केली आणि कागद द्यायला स्वतः खाली उतरले.

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, एक दिन बेकार गया. निकला क्या कुछ?"

"नही. कुछ नही निकला."

"अच्छाइच हुआ ना फिर," तो म्हणाला, आणि त्यानं गाडी सुरू केली.